पाइपातला पंखा आणि खंबाटकीचा चढ

सातारा-सांगलीकडच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. त्यात सांगतात: एअर फिल्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे) जाणाऱ्या रबरी पाइपात दीड हजारांचा स्टीलचा पंखा बसवा. हवा भोवऱ्यासारखी आत जाते, पेट्रोल पूर्ण जळतं, पिकअप वाढतो, ॲव्हरेज 14 चं 18 होतं. पुरावा काय, तर पुण्याहून साताऱ्याला पंख्याशिवाय आणि परतताना पंखा लावून केलेली फेरी.

आधी भोवरा. पंख्यातून निघालेली हवा थ्रॉटलच्या पाकळीवर आपटते, मॅनिफोल्डच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत विभागली जाते, मग व्हॉल्व्हच्या फटीतून सिलिंडरमध्ये शिरते. तिथवर भोवरा उरतो कुठे? सिलिंडरमध्ये हवा घुसळावी लागते हे खरं, पण ते काम पोर्टचा (व्हॉल्व्हजवळच्या हवेच्या वाटेचा) आणि पिस्टनच्या माथ्याचा आकार करतो.

‘पेट्रोल पूर्ण जळतं’ म्हणे. धड चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत ते 95 टक्क्यांहून जास्त आधीच जळतं. नासाडी होते ती उष्णतेची, सायलेन्सर आणि रेडिएटरमधून. तिथे पंख्याचा काय संबंध!

‘जास्त हवा, जास्त ॲव्हरेज’ हा खरा गोंधळ. सपाट रस्त्यावर 60 च्या वेगाने जाताना पेट्रोल गाडीचं थ्रॉटल बरंचसं मिटलेलं असतं. हवा कमी पडत नसते, मुद्दाम अडवलेली असते. वाढली तरी ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बघून पेट्रोलही त्याच मापात वाढवतो: 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा (इथेनॉल मिसळलेलं असेल तर थोडी कमी). अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये तुंबलेल्या फिल्टरवर चाचण्या केल्या. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं ॲव्हरेज जवळपास तेवढंच राहिलं, घटला तो पिकअप.

पिकअपचं बोलायचं तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र हवेची वाट मोकळी हवी. नेमकं तिथेच पंख्याची पाती आडवी येतात.

विजेवर फिरणारा पंखाही विकतात. 1.2 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला 3000 लिटरच्या आसपास हवा ओढतं. तेवढ्या हवेवर पिकअप वाढेल असा, समजा 0.3 बार दाब चढवायला अंदाजे अडीच किलोवॅट लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर 200 अँपिअर. हा पंखा घेतो चार-पाच.

फुकट गेले दीड हजार, एवढ्यावर भागत नाही. थरथरून एखादं पातं तुटलं आणि गाडी टर्बो डिझेल असेल, तर तुकडा थेट टर्बोच्या, लाखाहून जास्त आरपीएमने फिरणाऱ्या कंप्रेसरवर (हवा दाबणाऱ्या चाकावर). पाइपाची क्लिप सैल राहिली, तर उसाच्या हंगामातली रस्त्यावरची धूळ फिल्टर चुकवून आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते.

आता ती फेरी. जुन्या रस्त्याने पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढावा लागतो, परतताना बोगदा. शिवाय सातारा पुण्यापेक्षा दीडशे मीटरहून जास्त उंचावर. तो फरक पंख्याच्या नावावर खपवलाय.

मोजायचंच असेल तर एकाच पंपावर, त्याच नोझलने पहिल्या ऑटो कटला टाकी भरा. टायर थंड असताना हवा तपासा, एसी आणि माणसं तेवढीच ठेवा. सातारा-सांगली जाऊन-येऊन करत किमान 300 किलोमीटर चालवा, पुन्हा तिथेच भरा. 15 च्या ॲव्हरेजला 20 लिटर बसतात. भरताना एका लिटरची चूक झाली तरी आकडा 5 टक्के हलतो. म्हणून पंख्याशिवाय, पंख्यासह, आणि पंखा काढून पुन्हा, अशा तीन खेपा करा.