‘उंटावरून शेळ्या’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण म्हटलं रागात नको, सकाळी बघू. सकाळी परत वाचली तरी तेच वाटलं, म्हणून लिहितोय. लांबेल जरा.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुने सर्किट बोर्ड भरडून भट्टीत घालण्याआधी त्यावरच्या चांगल्या चिप्स, कनेक्टर वगैरे रोबोटने उतरवून परत वापरायला काढावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, उतरवलेल्या चिपचं आधीचं आयुष्य कसं गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं त्यामुळे ती कोणी घेणार नाही, रोबोट एकेक चिप उचलत बसेल तोवर भट्टीत टनभर माल जातो, सोल्डर (चिप बोर्डाला जोडणारा मिश्रधातू) वितळायचं तापमान मी चुकीचं दिलंय, आणि शेवटी, "हे सगळं उंटावरून शेळ्या हाकणं आहे, ज्याने कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नाही त्यालाच असले लेख सुचतात."

तापमानाचं आधी. चूक झाली, मान्य. मी सरसकट १८३ अंश सेल्सिअस लिहिलं, ते ६३ टक्के टिन आणि ३७ टक्के लेड, म्हणजे शिसं, असलेल्या जुन्या सोल्डरचं. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर बंधनं आली आणि नंतरच्या बहुतेक बोर्डांवर टिन-सिल्व्हर-कॉपरचं सोल्डर असतं, ते २१७ च्या आसपास वितळायला लागतं. लेखात दुरुस्ती केलीय, त्याबद्दल मनापासून आभार.

आता ते शेवटचं वाक्य. तुम्हाला मी कोण ते माहीत नाही, मी काय काम करत होतो ते माहीत नाही, तरी माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं ते तुम्ही ठरवून मोकळे झालात. मी नऊ वर्षं रिवर्क स्टेशनवर, म्हणजे बोर्डावरचे भाग उतरवायच्या-बसवायच्या टेबलावर, बसलोय. आयर्न, हॉट एअर, बोर्ड खालून तापवणारा प्रीहीटर, मायक्रोस्कोप, हेच माझं टेबल होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ नोझलचा डाग अजून आहे.

पहिला बीजीए उतरवला तो दिवस मला आजही आठवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीजीए म्हणजे अशी चिप जिचे पाय बाजूने दिसत नाहीत, पोटाखाली सोल्डरचे शेकडो बारीक गोळे असतात आणि ते वितळले की नाही हे वरून डोळ्यांना कळत नाही. ते कळायची एक खूण असते. चिमट्याच्या टोकाने चिपला अगदी हलका धक्का द्यायचा, सगळे गोळे वितळले असतील तर चिप किंचित सरकते आणि आपोआप जागेवर परत येते, पाण्यावर तरंगत असल्यासारखी. तसं झालं तरच उचलायची. मी धक्का दिला, चिप हलल्यासारखी वाटली, मी उचलली. एका कोपऱ्याखाली बोर्डात तांब्याचा मोठा सलग थर, म्हणजे ग्राउंड प्लेन, होता, त्याने उष्णता ओढून घेतली होती आणि तिथले गोळे घट्टच होते. चिपबरोबर सात पॅड, म्हणजे चिप ज्यांना जोडलेली असते ते बोर्डावरचे तांब्याचे ठिपके, उपटून आले. मायक्रोस्कोपखाली त्या जागी नुसतं फिकट लॅमिनेट दिसत होतं. बोर्ड गेला. माझ्या वरच्यांनी आरडाओरडा केला नाही, फक्त तो बोर्ड आठवडाभर माझ्याच टेबलावर ठेवला.

दुसऱ्यांदा तर आवाजच आला, टक्‌ करून. बरीच वर्षं उघड्यावर पडलेला बोर्ड होता, चिपच्या प्लास्टिकने हवेतली ओल धरलेली, तिची आत वाफ झाली आणि चिपचं पोट फुगलं. १२५ अंशाला आधी तासन्‌तास बेक करायला हवं होतं, केलं नव्हतं.

हे सगळं का सांगतोय, तर रोबोटवरचा तो लेख याच टेबलावरून आलाय. माझी सकाळची पहिली चिप आणि संध्याकाळची शेवटची चिप सारखी निघायची नाही. हात तोच, चिमटा तोच, पण मान आखडलेली असते, डोळे शिणलेले असतात, माणूस दहा सेकंद आधी उचलतो किंवा तीस सेकंद जास्त भाजतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. रोबोट काय करतो? खालून बोर्ड सावकाश तापवतो, वरून ठरलेल्या चढाने उष्णता देतो, तापमान सतत मोजतो, आणि सक्शन नोझलवर फोर्स सेन्सर लावला तर गोळे सुटले की नाही हे ओढ कमी झाल्यावरून समजतं. म्हणजे माझ्या चिमट्याचा तो धक्काच, पण हजाराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखाच. शिवाय प्रत्येक चिपमागे किती अंश, किती सेकंद, हे लिहून ठेवता येतं. हे उंटावरून दिसत नाही साहेब, टेबलाशी वाकून बसावं लागतं. तुम्ही स्वतः किती बोर्ड उतरवलेत ते मात्र प्रतिक्रियेत कुठे आलं नाही.

आणि समजा मी खरंच आयर्न धरलेलं नसतं, तरी काय? मुद्दा चूक असेल तर चूक म्हणा. माणसाचा हात मोजून मुद्दा निकालात काढायचा ही कुठली पद्धत? मी इथे रात्री जागून लिहितो, कोणी पैसे देत नाही, आणि एका वाक्यात कोणीतरी येऊन सगळं झटकून टाकतं, याचा त्रास होतो. होतो म्हणजे होतो.

बाकीचं थोडक्यात. भट्टी टनाने माल घेते, बरोबर. पण भट्टीतून तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम मिळतं, टॅन्टलम हा धातू मात्र स्लॅगमध्ये, म्हणजे भट्टीच्या मळीत, जातो, आणि चिप चिप म्हणून उरतच नाही, तिच्यात घातलेली सगळी मेहनत, वीज, पाणी जळून जातं. भट्ट्या बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, एकाच मॉडेलचे शेकडो बोर्ड एकत्र येतात तिथून सुरुवात करा म्हटलंय, परत वाचा. २०२२ साली जगात ६२० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन रिसायकल झाला, तेव्हा भट्टी सगळं सांभाळतेय असं मानायचं कारण नाही.

कोणी घेणार नाही म्हणता, तर २०२२ च्या चिपटंचाईत, चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या एएसएमएल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पीटर वेनिंक यांनी जाहीर सांगितलं होतं की एक मोठा उद्योगसमूह वॉशिंग मशिन विकत घेऊन त्यातल्या चिप्स काढून वापरतोय. म्हणजे गरज पडली की घेतात. जुन्या चिपचं नाव बदनाम झालंय ते उघड्या आगीवर बोर्ड भाजून, चिप्स झटकून, वरचा छाप घासून नवा छापणाऱ्यांमुळे. नोंदीसकट निघालेली चिप त्या रांगेत बसवू नका.

चिपच्या आधीच्या आयुष्याचा प्रश्न टेस्टिंगचा आहे, उतरवण्याचा नाही, आणि माझा लेख उतरवण्यावर होता. झिजलेली फ्लॅश मेमरी किंवा सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर परत वापरा असं मी सुचवलेलं नाही, ते यादीतच नव्हते. त्यावर वेगळं लिहीन, आत्ता त्यात शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया आहे तशी ठेवतोय, उडवणार नाही. १८३ सारखं आणखी काही सापडलं तर जरूर सांगा. आणि बीजीए तुम्ही उतरवला असेल तर खाली प्रीहीटर किती अंशावर ठेवला होता तेही लिहा, मला खरंच वाचायचंय.