भगवा फेटा आणि खाकी वस्तुस्थिती

सारागढीच्या (वायव्य सरहद्दीवरची, आता पाकिस्तानात असलेली ब्रिटिश हिंदी सैन्याची छोटी चौकी) लढाईवरचा लेख आवडला, पण तिथल्या शिखांनी भगवे फेटे बांधून लढाई केली, हे त्यातलं वाक्य खटकलं. हा 'केसरी' चित्रपटाचा परिणाम दिसतो! १२ सप्टेंबर १८९७ रोजी हवालदार ईशरसिंग आणि ३६ व्या शीख पलटणीचे त्यांचे जवान मोर्च्यावर होते तेव्हा खाकी चांगलीच रुळली होती. कोटही खाकी, पगडीही खाकी. सारागढी जिथे होती त्या समानाच्या उघड्या डोंगरावर भगवा रंग म्हणजे समोरच्या बंदुकीला आमंत्रणच. लाल कोट होते, पण ते संचलनाच्या पूर्ण पोशाखात.

खाकीची गोष्टही मजेशीर आहे. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने 'गाइड्स' पलटण उभी केली, आणि तिने हा मातकट रंग सैन्यात आणला. 'खाक' म्हणजे धूळ. आपण 'जळून खाक' म्हणतो तोच शब्द. सत्तावन्नच्या धामधुमीत तर काही गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे कपडे हाताला लागेल त्या रंगात बुडवून मळकट करून घेतले.

पगडीबद्दल मात्र लेखकाने फारच थोडक्यात आटोपलं. पोलादी शिरस्त्राण आल्यावरही शीख सैनिकांनी ते नाकारलं आणि दोन्ही महायुद्धांत पगडी बांधूनच लढले. सरकारला त्यांच्यापुढे नमतं घ्यावं लागलं. पगडीवरचं पोलादी चक्र हे तर मूळचं अकाली निहंगांचं, म्हणजे शिखांतल्या लढवय्या पंथाचं, शस्त्र. आजच्या शीख रेजिमेंटच्या बिल्ल्यावर सिंहाभोवती तेच चक्र आहे, बघा.