जेफरसनचा सातबारा

आठवीतल्या मुलीच्या इतिहासाच्या प्रोजेक्टला बापानं बसायचं, हा न्यू जर्सीत घरोघरचा छळ आहे. यंदा विषय आला 'एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकेचे शेजाऱ्यांशी संबंध', आणि नेमके त्याच वेळी साताऱ्याहून आबा मुक्कामाला. आबांचा चुलतभावाशी, म्हणजे नानाशी, बांधावरून दावा चालू आहे, माझ्या जन्माआधीपासून. 'शेजारी' आणि 'जमीन' एका वाक्यात आले की त्यांची वामकुक्षी मोडते.

"1803 साली फ्रान्सकडून लुइझियाना घेतलं, दीड कोटी डॉलरला. एकरी तीन सेंट," मी सांगत होतो.

आबा उठून टेबलाशी आले. "कसत कोण होतं?"

"नेटिव्ह अमेरिकन राहायचे ना तिथे, आजोबा."

"मग त्यांची सही?"

मुलीनं पुस्तक चाळलं. सही नव्हती.

"म्हणजे वहिवाट एकाची, खरेदीखत दुसऱ्याचं. वाच पुढं."

पुढं 1812. इंग्लंडशी युद्ध, म्हणून इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅनडावर चाल. क्वेबेकपर्यंतचा कॅनडा घेणं म्हणजे नुसतं चालत जायचं काम, असं लुइझियाना घेणाऱ्या माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं मत. अमेरिकेचा जनरल हल चालत गेला, चालत परत आला आणि डेट्रॉइटचा किल्लाच इंग्रजांच्या हवाली करून मोकळा झाला. 1814 च्या ऑगस्टात इंग्रज वॉशिंग्टनमध्ये घुसले. राष्ट्राध्यक्षांच्या घरी पानं मांडलेली होती. आधी जेवले, मग घर पेटवलं.

"अन्नाचा मान राखला म्हणायचा," आबा म्हणाले.

मुलगी हेही लिहून घ्यायला लागली. मी अडवलं, तर म्हणते, टीचरनी प्रायमरी सोर्स मागितलेत.

फ्लोरिडा मी घाईनं उरकणार होतो, पण सोडतात कुठं! 1818 ला अमेरिकेचा जनरल अँड्र्यू जॅक्सन स्पेनच्या हद्दीत फौज घेऊन घुसला आणि 1819 ला स्पेननं प्रांत लिहूनच दिला. स्पेनच्या हाती छदाम नाही. अमेरिकेनं आपल्याच नागरिकांचे स्पेनवरचे दावे, पन्नास लाख डॉलरपर्यंत, भागवायचं तेवढं कबूल केलं.

आबा बराच वेळ गप्प होते. "आधी बांध कोरायचा, मग तडजोड. आमचा नाना परवडला."

1823 ला राष्ट्राध्यक्ष मन्रोनं युरोपला बजावलं की या खंडांत आता नव्या वसाहती करायच्या नाहीत. त्यावर आबांनी फक्त सुपारी कातरली.

खरे खुलले ते किल्ल्यावर. कॅनडाकडून पुन्हा हल्ला नको म्हणून 1816 ला अमेरिकेनं शँप्लेन सरोवराच्या काठी अष्टकोनी किल्ला बांधायला घेतला. दोन वर्षांनी मोजणी झाली, तर किल्ला पाऊण मैल आत, कॅनडाच्या हद्दीत! काम थांबलं, आसपासच्या लोकांनी दगड आणि लाकूड घरी नेलं. लोक त्याला 'फोर्ट ब्लंडर' म्हणतात.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. "आधीची मोजणी कुणी केली होती? फुटली असणार!" मग एकदम गंभीर झाले. "आणि निकाल?"

"1842 च्या तहात ती जागा अमेरिकेला मिळाली."

"चोवीस वर्षांत निकाल?" आबा हळहळले. "वकील कोण होता, बघ जरा."

मुलीनं पाहिलं. डॅनियल वेबस्टर, तेव्हाचा परराष्ट्रमंत्री, आणि खरोखरच वकील.

आबांनी नाव लिहून घेतलं.