ओके करून टाक ना, मावशी!

मागच्या महिन्यात घरचा जुना टीव्ही गेला. गेला म्हणजे चित्र डाव्या कडेने हिरवं पडत पडत एक दिवस अख्खं हिरवं झालं. आई म्हणाली, "बातम्यांमधले सगळे पुढारी आजारी दिसायला लागलेत, आता बदला बाई हा." मग नवा आणला. स्मार्ट. इंटरनेट नसलेला साधा मिळेल का, असं विचारून बघितलं होतं, पण दुकानदाराने अशा नजरेने बघितलं, जणू मी कंदील मागतेय.

जुना टीव्ही बटण दाबलं की लागायचा. नव्याने आधी भाषा विचारली, मग देश, मग वायफायचा पासवर्ड. तो रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत टाकायचा, आणि एक चुकलं की पुन्हा श्रीगणेशा. मग ईमेल, मग ईमेलवर आलेला कोड. एवढं झाल्यावर एकामागून एक चार चौकटी आल्या. प्रत्येकीत राखाडीवर राखाडी अक्षरं आणि खाली दोन बटणं. 'सर्व मान्य' निळंशार, ठसठशीत, आधीच निवडून ठेवलेलं. शेजारचं 'तपशील पाहा' इतकं फिकट, की चष्मा पुसावा लागला.

मी तपशील उघडला. सोफ्यावर आडवा पडलेला भाचा कळवळून म्हणाला, "मावशी, ओके करून टाक ना! कोणी वाचतं का ते?"

खोटं नाही त्याचं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला होता. माणूस वर्षभरात ज्या ज्या वेबसाइटवर जातो, तिथली गोपनीयता धोरणं त्याने खरोखर वाचायची ठरवली, तर वर्षाला साधारण २४४ तास लागतील. म्हणजे रोज चाळीस मिनिटं, एकही सुट्टी न घेता. आणि हे नुसत्या वेबसाइटचं. टीव्ही, घड्याळ, कान साफ करायच्या कॅमेऱ्याचं ॲप, यांची भर नंतर पडली. मीही काही फार जागरूक वगैरे आहे म्हणून वाचत नव्हते. पासवर्डवर वीस मिनिटं घालवल्याचा राग कुठेतरी काढायचा होता, इतकंच.

तिसऱ्या चौकटीत लिहिलं होतं, की तुमचा पाहण्याचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींची माहिती गोळा केली जाईल. ही 'अनुभव अधिक चांगला' भाषा दिसली की मी हल्ली पर्स घट्ट धरते.

प्रकार असा आहे. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे आणि आवाजाचे नमुने ठरावीक अंतराने उचलतो, त्यांचा बोटाच्या ठशासारखा एक छोटा ठसा बनवतो आणि तो सर्व्हरकडे पाठवून देतो. तिकडे कार्यक्रमांचे, सिनेमांचे, जाहिरातींचे ठसे आधीच जमवून ठेवलेले असतात. ठसा जुळला की या घरात या क्षणी काय चाललंय ते कळतं. याला ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन म्हणतात, थोडक्यात एसीआर. गंमत म्हणजे चित्र कुठून आलं याच्याशी त्याला बऱ्याचदा देणंघेणं नसतं. २०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या टीव्हीतून बाहेर काय जातं ते तपासलं, तेव्हा टीव्ही नुसता एचडीएमआय केबलने पडदा म्हणून वापरला तरीही ठशांची ये-जा चालू असल्याचं दिसलं. म्हणजे मी लॅपटॉप जोडून काही बघत बसले, तर त्यातही याने डोकवावं.

दूरदर्शन या शब्दाचा अर्थ आता खऱ्या अर्थाने पुरा झाला. दूर बसलेल्या कोणालातरी आमचं दर्शन.

यात कुणाला मी फार शंकेखोर वाटत असेन तर व्हिझिओचं प्रकरण आठवून बघा. अमेरिकेतली टीव्ही कंपनी. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) आणि न्यू जर्सी राज्याने तिच्याकडून २२ लाख डॉलर भरून घेतले. १ कोटी १० लाख टीव्हींमधून सेकंदासेकंदाची पाहण्याची नोंद घेतली जात होती आणि ती बाहेर विकली जात होती, असा आरोप होता. ज्या सेटिंगखाली हे चालायचं तिचं नाव काय होतं? 'स्मार्ट इंटरॲक्टिव्हिटी'. वर्णन काय, तर कार्यक्रमांच्या ऑफर्स आणि सूचना मिळतील. बाकी चकार शब्द नाही.

आता फोनबद्दल. मित्रमंडळी जमली की कोणीतरी हमखास सांगतं, "अगं, आम्ही फक्त बोललो होतो गादी घ्यायची म्हणून, आणि लगेच गादीची जाहिरात!" मग सगळे आपापले फोन उलटे करून ठेवतात, जणू उलटा ठेवल्यावर त्याचे कान बंद होतात. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी अँड्रॉइडची १७,२६० ॲप्स घेऊन नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चोरून माइक चालू करणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. मात्र काही ॲप्स वापरणाऱ्याला न सांगता स्वतःच्या स्क्रीनचं चित्रण करून तिसऱ्याकडेच पाठवताना सापडली. मला हे वाचून फार मजा वाटली होती. आपण सगळे कान शोधत बसलो आणि डोळा उघडा होता. गादीचं म्हणाल, तर नवऱ्याने आदल्या रात्री त्याच वायफायवर गाद्या बघितल्या असतील. त्याला पाठदुखी आहे हे बायकोच्या आधी जाहिरातवाल्यांना कळलं असेल, एवढंच.

पण खरा मुद्दा माझ्या भाच्याने काढला. मी हे सगळं त्याला तावातावाने सांगितल्यावर तो म्हणाला, "कळू दे ना त्यांना. आपण बघतो काय? आजीच्या मालिका आणि आजोबांच्या मॅच. लपवण्यासारखं आहे काय त्यात?"

मी गप्प बसले, कारण त्याच्यासमोर जे सांगायचं नव्हतं तेच उत्तर होतं.

बाबा रात्री झोपत नाहीत. गेली दोन-अडीच वर्षं. दोनच्या सुमाराला उठतात, बाहेरच्या खोलीत येतात, दिवा लावत नाहीत, आवाज अगदी बारीक करून जुनी मॅच लावतात. निकाल त्यांना पाठ असतो. कोण कुठल्या चेंडूवर आउट होणार तेही पाठ असतं. चारला बंद करून पुन्हा आत जातात. सकाळी "झोप झाली का?" विचारलं की "मस्त" म्हणतात. आईला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्हाला माहीत आहे हे बहुतेक त्यांनाही माहीत आहे. पण घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही. ते स्वतः बोलतील तेव्हा बोलू, असं ठरवल्यासारखं झालंय.

आता सेकंदासेकंदाची नोंद म्हणजे काय ते बघा. रात्री २ वाजून ७ मिनिटांनी चालू, ३.५५ ला बंद, आठवड्यातून पाच रात्री. यातून 'या घरात कोणालातरी झोप लागत नाही' हे काढायला फार डोकं लागत नाही. मॅच कोणती होती ही त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची बाब. उद्या दुपारी मला झोपेच्या गोळ्यांची जाहिरात दिसली, तर मी तिच्यावर चिडणार नाही. जे आम्ही बापलेक अजून एकमेकांना म्हणालो नाही, ते कुठल्या तरी तक्त्यात आमच्या घरासमोर लिहिलेलं असावं, याची मला चीड येते. लपवण्यासारखं काही नसलं तरी न सांगण्यासारखं खूप काही असतं घरात.

यावर कंपन्यांचं एक ठरलेलं उत्तर आहे: टीव्ही इतके स्वस्त झालेत ते यामुळेच. हे त्या लपवतही नाहीत. २०१९ मध्ये व्हिझिओच्याच तंत्रज्ञान प्रमुखांनी मुलाखतीत सरळ सांगितलं होतं, की टीव्ही विकून नफा फार सुटत नाही, विकल्यानंतरच्या कमाईवर गणित बसतं. पुढे २०२१ मध्ये तर या कंपनीला टीव्ही विकण्यापेक्षा जाहिराती आणि डेटाच्या विभागातून जास्त नफा मिळायला लागला. ठीक आहे, धंदा आहे. 'फुकट असेल तर तुम्हीच माल' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय, की पैसे मोजले म्हणजे आपण सुटलो असं वाटायला लागलं होतं. इथे पैसे मोजूनही मालच आहोत.

माझं म्हणणं साधं आहे. खोक्यावर दोन किमती छापा. नजर ठेवणारा एवढ्याला, न ठेवणारा एवढ्याला. फरक किती आहे ते तरी कळू दे. कदाचित तो इतका किरकोळ असेल, की आपल्याला आपलीच लाज वाटेल. कदाचित इतका मोठा असेल, की मी स्वतःच मुकाट्याने पहिला उचलेन. पण मग तो व्यवहार होईल. आत्ता जे होतं ते राखाडीवर राखाडी अक्षरांत होतं, आणि वीस मिनिटं पासवर्ड टाकून वैतागलेल्या माणसाकडून करून घेतलं जातं.

रिमोटचंही बघा. १९५५ मध्ये झेनिथ कंपनीने 'फ्लॅश-मॅटिक' नावाचा बिनतारी रिमोट काढला. बॅटरीसारखा प्रकाशाचा झोत टीव्हीच्या कोपऱ्यावर मारायचा, की काम व्हायचं. त्याच्या जाहिरातीत एक गोष्ट ठळकपणे सांगितली होती: चित्र तसंच ठेवून वैताग आणणाऱ्या जाहिरातींचा आवाज बंद करता येतो. म्हणजे रिमोटचा जन्मच जाहिरातीचं तोंड बंद करायला झाला. आणि आमच्या नव्या रिमोटवर चार बटणं निव्वळ जाहिराती आहेत! चार वेगवेगळ्या स्ट्रीमिंग सेवांची नावं, चार रंगांत. त्यातल्या तीन आमच्याकडे नाहीत. त्यांची जागा आवाज कमी करायच्या बटणाच्या बरोब्बर खाली आहे, त्यामुळे अंधारात अंगठा जरा घसरला की धाडकन लाल पडदा उघडतो आणि 'आजच सदस्य व्हा'. नको असलेलं बटण बंद करायची सोय? शोधली. नाही. शेवटी त्यावर चिकटपट्टी लावली. सत्तर वर्षांची प्रगती.

(हे सगळं मी फेसबुकवर लिहितेय, याची मला कल्पना आहे. कमेंटमध्ये सांगायची तसदी घेऊ नका.)

बरं, बंद कसं करायचं, कारण इनबॉक्समध्ये तेच विचारलं जाणार. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी किंवा 'अटी आणि धोरणं' असा भाग शोधा. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस', रोकू नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या टीव्हीत 'यूज इन्फो फ्रॉम टीव्ही इनपुट्स' अशी नावं असतात. 'एसीआर' असं सरळ नाव सहसा नसतंच. काढून टाका तिथली खूण. त्या २०२४ च्या अभ्यासात सेटिंग बंद केल्यावर ठसे जाणं थांबलेलं दिसलं, म्हणजे त्याचा उपयोग होतो. तिथेच जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक असतो, तोही रिसेट करा. अपडेट आलं की पुन्हा एकदा नजर टाकायची, कारण अपडेटने गोष्टी बदलतात. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात एक अपडेट झालं आणि सकाळी बघते तर होम स्क्रीनच्या वरच्या भागात एक रुंद जाहिरात ठाण मांडून बसलेली. घेतला तेव्हा नव्हती. विकत घेतलेल्या कपाटाचं दार एका रात्रीत कोणी बदलून गेलं तर आपण पोलिसात जाऊ. टीव्हीच्या बाबतीत आपण 'रिमाइंड मी लेटर' दाबतो.

त्या दिवशी मी वायफायच तोडलं. आईच्या मालिका सेट टॉप बॉक्सवर येतातच. बाबांच्या जुन्या मॅच भाच्याने पेन ड्राइव्हवर घालून दिल्या, तारखेप्रमाणे फोल्डर करून. टीव्ही मात्र चालू केला की दर वेळी विचारतो, नेटवर्क जोडलेलं नाही, आता जोडायचं का? आईला वाटतं तो बिघडलाय.

परवा रात्री पाणी प्यायला उठले, तर बाबा बसलेले. ते आवाज आणखी कमी करायला गेले आणि चिकटपट्टीसकट लाल बटण दाबलं गेलं. मॅच गेली, काळा पडदा, मधोमध पांढऱ्या अक्षरांत 'इंटरनेट उपलब्ध नाही'.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बॅकचं बटण चाचपडायला लागले. मग माझ्याकडे न बघताच, "तूही जागीच का?"

मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. तीन ओव्हर राहिल्या होत्या.