प्रमाणपत्राची वाट कशाला बघायची?

दहावीची परीक्षा जवळ आली की महाराष्ट्रात एक वाद हमखास निघतो: अध्ययन अक्षमता (म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) असलेल्या मुलांना जादा वेळ आणि लेखनिक देणं हा बाकीच्यांवर अन्याय नाही का? इंग्लंडमधल्या शाळांचा कारभार जवळून पाहिल्यावर वाटतं, आपण भलत्याच मुद्द्यावर भांडतोय. जादा वेळ इथे इंग्लंडमध्येही मिळतो आणि तो आपल्यापेक्षा कमी असतो. साधारण 25 टक्के, म्हणजे तीन तासांच्या पेपरला 45 मिनिटं. आपल्याकडे तासाला 20 मिनिटं, म्हणजे अख्खा एक तास.

पण इथे मुलाची अडचण मोजणाऱ्या नुसत्या चाचणीवर भागत नाही. ती सोय मूल वर्गात आणि सराव परीक्षांतही वापरत होतं, हे शाळेला दाखवावं लागतं. आपल्याकडे अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची धावपळ बऱ्याचदा नववी-दहावीत सुरू होते आणि कित्येक मुलं लेखनिकाशेजारी पहिल्यांदा बसतात ती थेट बोर्डाच्या पेपरला. बीजगणितात मूल सांगतं, ‘एक्स अधिक दोनचा वर्ग’. लेखनिक वर्ग फक्त दोनवर टाकतो. एक्सची किंमत 3 असेल, तर 25 ऐवजी उत्तर येतं 7. गणित येत असून गुण गेले. ‘कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, पूर्ण कंसाचा वर्ग’ असं सांगणं आणि लिहिलेली ओळ वाचून घेणं अंगवळणी पडायला निदान आठवीपासून प्रत्येक घटक चाचणीला लेखनिक हवा.

खरं काम तर त्याच्याही कितीतरी आधीचं, दुसरीतलं आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळांत 2012 पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून शिक्षक 40 शब्द वाचून घेतात, 20 खरे आणि 20 बनावट. शब्दाचं रूप पाठ करून वाचणारं मूल बनावट शब्दाला अडतं आणि तिथेच सापडतं. मराठीत हे सहज जमेल. ‘घिबू’, ‘धोमळ’, ‘भुस्ते’ असे शब्द घ्या, घ-ध, भ-म, ब-व या जोड्या मुद्दाम पेरा, जोडाक्षरं शेवटी ठेवा. मुलामागे पाच मिनिटं धरली, तर 40 मुलांना 200 मिनिटं, म्हणजे रोजची एक तासिका धरून आठवडा. दवाखाना नको, शिक्का नको. अडलेल्या मुलांना आठवड्यातून चार दिवस 20 मिनिटं वेगळं बसवायचं, फक्त अडलेल्या अक्षरांवर काम करायचं आणि सहा आठवड्यांनी नव्या शब्दांनी पुन्हा तपासायचं. जुनेच शब्द वापरले तर ते पाठ झालेले असतात.

इंग्लंडचं सगळंच उचलण्यासारखं नाही. जास्त गरजेच्या प्रत्येक मुलासाठी इथे मदतीची कायदेशीर लेखी योजना 20 आठवड्यांत तयार व्हायला हवी. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच वेळेत होतात. शाळांकडचा पैसा आटला, या योजनेच्या कागदाशिवाय मदत मिळेना, म्हणून पालक कागदामागे लागले आणि रांग वाढत गेली. आपण तर सुरुवातच कागदापासून करतो.

‘चाळीस मुलं सांभाळून शिक्षकाने हे करायचं कधी?’ हा प्रश्न रास्तच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक स्तरावर दर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं. शाळा व्यवस्थापन समितीने ते पद लेखी मागावं. आणि ती 20 मिनिटं वेळापत्रकात छापून घ्यावीत, नाहीतर पहिल्याच सर्वेक्षणाच्या कामात ती जातात.