टीम लीड झालात, आता कुठला कोर्स?

एप्रिल-मे आला की पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक अप्रेझलचा, दुसरा ‘एक्झिक्युटिव्ह मॅनेजमेंट’ कोर्स विकणाऱ्या फोनचा. पगारवाढ मनासारखी झाली नसेल तर माणूस तो फोन कट करत नाही. दोन-चार लाखांचा ईएमआय लागतो, शनिवार-रविवार वर्गात जातात आणि वर्षभरानं लिंक्डइनवर प्रमाणपत्र चढतं. बरेचदा कोर्स वाईट नसतोच, फक्त चुकीच्या वर्षी घेतलेला असतो.

पहिल्या तीन-चार वर्षांत नेतृत्वाच्या कुठल्याही कोर्सवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत. त्या वयात अंदाज बांधायला शिकावं. प्रत्येक कामाआधी किती तास लागतील ते लिहायचं, संपल्यावर खरे किती लागले ते शेजारी लिहायचं. पंचवीस-तीस कामांनंतर आपण दरवेळी दीडपट चुकतो की दुप्पट, ते कळतं. पूर्णवेळ दोन वर्षांचं एमबीए करायचं असेल तर मात्र कॅट याच काळात द्यावी. उशीर झाला तर रस्ता बदलतो: आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, आणि तिथली गणितंही वेगळी.

खरी पडझड होते ती पहिल्यांदा लीड झाल्यावर. गूगलनं २००८ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावाखाली स्वतःच्याच मॅनेजरांचा अभ्यास सुरू केला. त्यातून चांगल्या मॅनेजरची आठ लक्षणं निघाली. चांगला कोच असणं पहिल्या क्रमांकावर आणि तांत्रिक कौशल्य शेवटच्या. आपल्याकडे बढती मिळते ती नेमकी त्या आठव्या गुणावर. उरलेल्या सातांचं ट्रेनिंग दीड-दोन वर्षांनी येतं. तोवर टीममधले दोघं राजीनामा देऊन मोकळे झालेले असतात. वरातीमागून घोडं.

या टप्प्यावर शिकायच्या गोष्टी साध्या असतात, पण कराव्या लागतात. वन-ऑन-वन घ्या. दर पंधरवड्याला प्रत्येकी अर्धा तास. आठ जण असतील तर दोन आठवड्यांत चार तास होतात. ‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्यानं आधी आपलं कॅलेंडर उघडून बघावं. बिघडतं ते असं, की ही भेट दुसऱ्याच आठवड्यात स्टेटस मीटिंग होऊन बसते. स्टेटस ‘जिरा’ या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर दिसतोच. ‘काय अडलंय?’ एवढं विचारून गप्प बसावं, कबूल केलेलं लिहून ठेवावं आणि पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच करावी. रिलीजच्या, म्हणजे तयार सॉफ्टवेअर बाहेर देण्याच्या, आठवड्यात ती भेट रद्द होते, आणि माणूस सगळ्यात जास्त वैतागलेला असतो तोही त्याच आठवड्यात.

दुसरं, सगळ्यात अवघड तिकीट, म्हणजे जिरावर नोंदवलेलं काम, स्वतःकडे ठेवू नका. दिवसभर मीटिंगा, रात्री अकराला कोड आणि सकाळी टीम रिव्ह्यूची वाट बघत बसलेली. हात चालू ठेवायचा तर ज्यामुळे कुणाचं काम अडणार नाही असे बग किंवा छोटी टूल्स घ्यावीत. काम सोपवताना तीन गोष्टी बोलाव्या: काय हवंय, कधी हवंय आणि कुठे अडलं तर विचारायला यायचं. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. मग ‘तू आधी का नाही सांगितलंस?’ हे वाक्य येतं.

फीडबॅक तर आपल्याला फारच जड जातो. कालपर्यंत टपरीवर एकत्र चहा, अरे-तुरे, आणि आज त्याच मित्राचं रेटिंग. मग वर्षभर गप्प राहून अप्रेझलला बॉम्ब टाकला जातो. त्यापेक्षा दोन दिवसांच्या आत, एकट्यात, घडलं तेवढंच सांगावं. ‘तू बेजबाबदार आहेस’ यावर फक्त भांडण होतं. ‘मंगळवारी बिल्ड तुटलेला असताना तू सहाला निघालास आणि ग्रुपवर कळवलं नाहीस’ यावर बोलता येतं.

स्क्रमची (छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीची) दोन दिवसांची सर्टिफिकेशनं किंवा पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र यातलं फारसं शिकवत नाहीत. पदवीधराला पीएमपीसाठी ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि पुढे दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (शिकत राहिल्याचे गुण) जमवावे लागतात. नोकरीच्या अर्जाच्या चाळणीतून पुढे जायला उपयोग होतो, म्हणून जरूर करा. पण त्यानं टीम सांभाळता येईल ही आशा नको.

दहा-बारा वर्षांनंतर शिकायचा विषय बदलतो: पैसा. सर्व्हिस कंपनीतलं साधं उदाहरण घ्या. दहा जण, महिन्याला प्रत्येकी १६० तास, दर तासाला २५ डॉलर. सगळ्यांचं क्लायंटला बिल लागलं तर ४०,००० डॉलर. दोघं बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, गेले की ३२,०००, आणि पगार मात्र दहांचे. त्यात कुणी सोडून गेलं, तर बदली माणसाचा ९० दिवसांचा नोटिस पीरियड आणि वर प्रोजेक्ट समजायला दोन महिने. हे गणित स्वतः मांडता येत नसेल तर क्लायंटपुढे ‘हो, जमेल’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एक्झिक्युटिव्ह एमबीएचा पैसा इथे वसूल होतो, कारण फायनान्स आणि वाटाघाटींच्या वर्गात आणायला स्वतःचे प्रश्न असतात. ही गरज जुनीच. आयआयएम बंगळुरूनं १९९८ मध्येच नोकरी करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम काढला होता, आजचा पीजीपीईएम त्यातूनच आला. फी भरण्याआधी मात्र विचारा: पदवी की प्रमाणपत्र? २०१७ च्या कायद्यानं आयआयएमना पदवी देता येऊ लागली, म्हणून त्यांचा प्रत्येक ऑनलाइन कोर्स पदवी होत नाही. शिकवणार कोण, प्राध्यापक की रेकॉर्डिंग? कॅम्पसवर किती दिवस? बॅचमध्ये किती जण? दीडशे जणांच्या झूम वर्गात केस स्टडीची चर्चा होत नाही, चॅटबॉक्समध्ये फक्त ‘येस सर’ पडत राहतं.

वीस वर्षांपुढच्यांना लांब कोर्सची गरज क्वचितच. तीन-चार दिवसांचा, एकाच विषयावरचा वर्ग पुरतो.

आणि कंपनी फी भरत असेल तर एचआरचं पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. पैसे आधी मिळणार की पास झाल्यावर, आणि बाँडची मुदत कोर्स सुरू झाल्यापासून मोजणार की संपल्यापासून, हे त्याच पानावर असतं.