नाल्यावर घरचं धरण बांधायचंय? मग हे वाचाच

नाल्याकाठी दहा-बारा एकर वावर आहे, नागपुरात दोन पैसे कमावलेत आणि आता शहरातल्या लोकांना पाण्याकाठी बसवून सावजी चिकन खाऊ घालायचं मनात आलंय? मग चार हिताच्या गोष्टी सांगतो. मला अनुभव आहे. धरण बांधायचा नाही, धरणाखाली कास्तकारी करायचा.

सगळ्यात आधी, धरणाला धरण म्हणू नका. शेततळं म्हणा. शेततळं खोदतात आणि धरण नाल्याला आडवं घालतात, एवढ्या बारकाव्यात आपल्याकडे कोणी शिरत नाही. उंची मात्र बेताची ठेवा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागतो. १० ते १५ मीटरच्या धरणांनाही लागतो, पण त्यासाठी लांबी, साठा वगैरेंच्या अटींत बसावं लागतं. तुमची सात-आठ मीटरची पाळ त्या कायद्याच्या खिजगणतीतही नाही. फुटल्यावर तिचं पाणी खाली कोणाच्या घरात शिरेल, हे कायदा विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

माती लांबून आणू नका. पोटात चिकण मातीचा गाभा, बाहेरून मुरूम, खाली पक्का थर लागेपर्यंत खंदक, वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर, हे सगळे सरकारी इंजिनिअरांचे चोचले. तुमच्याकडे पोकलेन आहे. पाण्याखाली जाणाऱ्या जागेतली काळी माती उकरा, ढीग लावा, वरून दोनदा फिरवा. उन्हाळ्यात त्या पाळीला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतील. घाबरू नका, पहिल्या पावसात त्या बुजतात. निदान वरून तरी.

पाळीवर गुलमोहर लावा, फोटो छान येतात. झाड मेल्यावर मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते, पण ती फोटोत येत नाही.

पायथ्याशी पाणी झिरपायला लागलं तर 'नैसर्गिक झरा' अशी पाटी लावा. झिरपा गढूळ झाला म्हणजे आतून माती वाहायला लागली, हे पाहुण्यांना कशाला सांगायचं?

घुशींची बिळंही बुजवू नका, पुढे कामाला येतात. २०१९ च्या जुलैत चिपळूणकडचं तिवरे धरण रात्री फुटलं, माणसं वाहून गेली, आणि जलसंधारण मंत्र्यांना गुन्हेगार म्हणून खेकडे सापडले. आपल्या भागात घुशी पुरतील.

लाइफ जॅकेट ऑफिसातच टांगून ठेवा, उन्हानं रंग उडतो. झुंजला वर्धा नदीत २०२१ साली नाव उलटून अकरा जण गेले, तो विषय जेवणावळीत काढू नका.

आता सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट. सांडव्याला मासे अडवणारी जाळी लावा. रोहू-कटला महागाचं बीज, पाण्याबरोबर गेलं तर नुकसान कोणाचं? शिवाय सांडव्याच्या उंबऱ्यावर रेतीची पोती रचा, म्हणजे पाणी हातभर चढतं आणि बोट थेट डेकला लागते. पोळ्यानंतरच्या त्या पावसात आमच्या वरच्या अंगाच्या 'लेक व्ह्यू' रिसॉर्टवाल्यांनी हेच केलं होतं. जाळीत बेशरमाच्या काड्या, थर्माकोलच्या पत्रावळ्या, वेफरची पाकिटं अडकून भिंत तयार झाली. पाण्याला जायला जागा राहिली नाही, तेव्हा ते सांडव्याच्या बगलेतून माती कापत निघालं. रात्री मी स्वतः गेलो. चौकीदार बॅटरी घेऊन उभा. म्हटलं, जाळी काप. तर म्हणतो, "भाऊ, साहेब नागपूरले गेले. मले जाळी काढाची परवानगी नाही. मासे निघून जातीन ना!" साहेबांचा फोन बंद.

मासे वाचले. माझं शेंगा भरलेलं सोयाबीन गेलं, खालची काळी माती गेली आणि तिच्या जागी त्यांच्या पाळीचा मुरूम येऊन बसला. तलाठी म्हणतात, महसूल मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला नाही, त्यामुळे अतिवृष्टी धरता येत नाही. मालक म्हणतात, अतिवृष्टी झाली, आमचा काय दोष? म्हणजे तोच पाऊस त्यांच्या पाळीवर अतिवृष्टी आणि माझ्या वावरात रिमझिम!

अहो, मातीचं खासगी धरण म्हणजे काही पाप नाही. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचे तलाव खासगीच होते, मातीचेच होते. कोहळी समाजाच्या लोकांनी घातलेला नवेगावबांध तलाव आजही भरतो. त्यांच्याकडे पोकलेन नव्हता, पण जास्तीचं पाणी कुठून जाणार हे ते आधी ठरवत आणि ती वाट कोणाला अडवू देत नसत. आणि तलावाखाली त्यांचंच धान असायचं. तुमचं खाली काय आहे? पार्किंगसुद्धा वरच्या अंगाला.

जाळी काढा. आजच काढा, रविवारचं बुकिंग आटोपल्यावर नाही. पोती उचला. बगलेत मुरूम लोटून भगदाड लपवू नका, ज्याला पाळीतलं कळतं असा माणूस आणून दाखवा. पावसाळ्यात रात्री जागणारा चौकीदार ठेवा आणि साहेबांना न विचारता सांडवा मोकळा करायची त्याला मुभा द्या. नाल्याकाठच्या घरांचे नंबर मी देतो, ते त्याच्या मोबाइलमध्ये घाला. आणि माझ्या वावरातला तुमचा मुरूम तुमच्याच टिप्परनं उचलून न्या. तूर काढायच्या आत.